लांबच्या विमानप्रवासात लॅपटॉपची बॅटरी पुरवायची कशी? (बेळगाव-बेंगळूर-फ्रँकफर्ट-शिकागो)

अनगोळची_लेखणी

नमस्कार मंडळी,

पुढच्या महिन्यात बहिणीच्या बाळंतपणासाठी शिकागोला जायचं आहे. इथून बेंगळूर, तिथून फ्रँकफर्ट आणि मग शिकागो. पहिला मोठा टप्पा दहा तासांच्या आसपास, दुसरा नऊ-साडेनऊ तासांचा. नेमकं त्याच आठवड्यात कन्नडमधून मराठीत आणत असलेल्या एका पुस्तकाचं काम संपवून द्यायचं आहे. तिकडे पोचल्यावर बहिणीचं आणि घरातलं बघायचं असल्यामुळे निवांत वेळ मिळणार तो विमानातच. निदान सात-आठ तास सलग काम व्हावं अशी इच्छा आहे.

लॅपटॉप १४ इंची, विंडोज, चार-साडेचार वर्षं वापरलेला. घरी चार्जर काढून बसले की पावणेचार तासांत मान टाकतो. काम साधं आहे: एका बाजूला मूळ पुस्तकाची पीडीएफ, दुसऱ्या बाजूला वर्ड. नेट लागत नाही.

तर बॅटरी वाढवायला खरोखर काय उपयोगी पडतं? पॉवर बँक घ्यावी का? विमानातल्या सॉकेटवर विसंबावं का? ज्यांनी असा प्रवास केलाय किंवा ज्यांना यातलं कळतं त्यांनी सविस्तर लिहा. बहीण वाट बघत्येय आणि प्रकाशकही, दोघांनाही शब्द दिलाय.

शहापूरकर

अहो ताई, सीटखाली सॉकेट असतंय की! चार्जर लावायचा आणि बसायचं काम करत. एवढा विचार कशाला करायचा?

हत्तरगी_शिफ्ट

शहापूरकर, असतंय खरं, पण त्याच्यावर सगळा भरोसा टाकू नका.

मी हत्तरगीला विमानाचे सुटे भाग बनवणाऱ्या एसईझेडमध्ये (विशेष आर्थिक क्षेत्रात) कामाला आहे. आमचं काम धातूचे भाग कापायचं, विजेचं नव्हे, पण विषय आवडीचा म्हणून वाचत असतो. बहुतेक प्रवासी विमानांत इंजिनावरच्या जनरेटरमधून ११५ व्होल्ट, ४०० हर्ट्झ वीज निघते. आपल्या घरात २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ. ती ४०० हर्ट्झची वीज चार्जरला तशी देत नाहीत. सीटखाली एक डबा असतो, तो तिचं साधारण ११० व्होल्ट, ६० हर्ट्झ करून सॉकेटला देतो. आपले लॅपटॉपचे चार्जर १०० ते २४० व्होल्टवर चालतात, तेव्हा तिथं अडचण नाही. चार्जरच्या पाठीवर तसं छापलेलं असतं, एकदा बघून घ्या.

अडचण वॅटची. एका सॉकेटला बहुधा ७५ वॅटच्या आसपास मर्यादा असते. गेमिंगचा १८० वॅटचा चार्जर लावला की डबा सॉकेट बंद करून टाकतो, मग लोक म्हणतात सॉकेट बिघडलंय. शिवाय सगळ्या सीटांची मिळूनही मर्यादा असते. सगळ्यांनी एकदम लावलं तर उशिरा लावणाऱ्याला वीज मिळत नाही असंही होतं. धावपट्टीवर जाताना, उडताना आणि उतरताना काही विमानांत सॉकेट बंदच ठेवतात.

आणि ऐन वेळी विमान बदललं तर? तिकीट काढताना दाखवलेलं विमान आणि प्रत्यक्ष लागलेलं विमान एकच असेल याची हमी कोण देणार? जुनं विमान आलं तर तिघांत दोन सॉकेट किंवा नुसतं यूएसबी. साध्या यूएसबीतून दहा-बारा वॅट मिळतात, त्यावर फोन चार्ज होतो, लॅपटॉप नाही. काही नव्या विमानांत यूएसबी-सी असतं आणि ते ६० वॅटपर्यंत देतं, पण ते आपल्या नशिबी येईल असं धरून चालू नये.

ताई, सॉकेट मिळालं तर वापरा. हिशोब मात्र ते नाहीच असं धरून करा.

शहापूरकर

हे तिघांत दोन सॉकेटचं माहीत नव्हतं. मधल्या सीटवाल्यानं काय करायचं मग?

हत्तरगी_शिफ्ट

शेजाऱ्याशी गोड बोलायचं. बेळगावचा माणूस तेवढं करू शकतो की.

कणकुंबीचा_पाऊस

मी विमानानं फार फिरलेलो नाही, पण बॅटरीवर काम कसं काढायचं ते मला विचारा. जून ते सप्टेंबर आमच्याकडं पाऊस म्हणजे काय ते खानापूर तालुक्यात राहणाऱ्यांना सांगायला नको. झाड पडलं, तार तुटली की दिवसभर लाईट नाही. घरून काम करतोय, कंपनी पुण्याची. तिकडच्यांना कणकुंबीचा पाऊस कारण म्हणून किती वेळा सांगणार? त्यामुळं लॅपटॉप कुठं किती वीज खातो ते बारकाईनं बघत आलोय.

सगळ्यात जास्त खातो पडदा. पूर्ण उजेडावर ठेवला तर एकटा पडदाच तीन-चार वॅट, कधी त्याहून जास्त ओढतो. विमानात जेवण झाल्यावर दिवे मालवतात, खिडक्या बंद करायला लावतात, तेव्हा पंचवीस-तीस टक्के उजेड भरपूर होतो, डोळ्यांनाही बरा. किल्ल्यांखालचा दिवा बंद करायचा. पडदा १२० हर्ट्झचा असेल तर ६० वर आणायचा, टायपिंगला फरक कळतसुद्धा नाही.

दुसरं, ब्राउझर. काम नेटशिवाय होत असेल तर ब्राउझर उघडूच नका. आत वीस टॅब झोपलेत असं वाटतं, पण त्यातले चार-पाच जागे असतात आणि प्रोसेसरला झोपू देत नाहीत. शब्दकोश ऑफलाईन हवा, फाईल क्लाउडवर नको, लॅपटॉपच्या पोटात हवी. क्लाउडचा सिंक थांबवून ठेवा, नाहीतर नेट नसताना तो परत परत दार वाजवत बसतो.

तिसरं आणि फार महत्त्वाचं: निघण्याच्या दोन-तीन दिवस आधी विंडोजचे सगळे अपडेट उरकून घ्या आणि मग ते आठवडाभरासाठी थांबवा. अँटिव्हायरसचं स्कॅनही घरी करून घ्या. हे दोघं बॅटरीवर असताना सुरू झाले की पंखा फिरायला लागतो. पंखा ऐकू आला की समजायचं, वीज कुठंतरी चाललीय.

चौथं, विमान मोड लावा आणि बॅटरी सेव्हर पहिल्या मिनिटापासून चालू ठेवा. वीस टक्के उरल्यावर लावून काय उपयोग? पेनड्राइव्ह खोचून ठेवू नका, बिनतारी माऊसचं यूएसबीत खोचलेलं ते छोटं बटनही काढा.

पाचवं, जेवायला किंवा झोपायला लॅपटॉप मिटता तेव्हा स्लीप नको, हायबरनेट करा. हल्लीचे बरेच लॅपटॉप स्लीपमध्ये अर्धे जागेच असतात. बॅगेत गरम होतात आणि बाहेर काढल्यावर वीस-पंचवीस टक्के गायब. हायबरनेटमध्ये सगळं डिस्कवर लिहून मशीन पूर्ण बंद होतं. उठायला अर्धा मिनिट लागतो, लागू दे.

वडगावची_विणकर

कणकुंबी, तुमचा प्रतिसाद सेव्ह करून ठेवला. हायबरनेट माझ्या मेनूत दिसतच नाही, कुठून आणायचं?

कणकुंबीचा_पाऊस

कंट्रोल पॅनेल, पॉवर ऑप्शन्स, तिथं डाव्या बाजूला ‘पॉवर बटन काय करतं ते निवडा’ अशा अर्थाची ओळ आहे. आत गेलात की हायबरनेटसमोर खूण करायची. ती फिकट दिसली तर वर ‘सध्या उपलब्ध नसलेल्या सेटिंग बदला’ असं असतंय, त्यावर आधी क्लिक करा. झाकण मिटल्यावर हायबरनेट व्हावं हेही तिथंच लावता येतं.

मच्छे_लॅब

वरचं सगळं बरोबर आहे, पण आधी मोजमाप हवं. आजार काय ते न बघता औषधं चाललीत.

ताई, बॅटरी तासांत मोजू नका, वॅट-अवरमध्ये मोजा. बॅटरीवर व्होल्ट आणि अँपिअर-अवर लिहिलेलं असतं, त्यांचा गुणाकार म्हणजे वॅट-अवर. त्याला लॅपटॉप सरासरी किती वॅट ओढतो त्यानं भागलं की तास निघतात. म्हणजे हातात दोनच गोष्टी आहेत, वरचा आकडा वाढवा किंवा खालचा कमी करा. कणकुंबीच्या सगळ्या सूचना खालचा आकडा कमी करणाऱ्या आहेत.

आता वरचा आकडा बघू. कमांड प्रॉम्प्ट उघडा. तिथं ‘पॉवरसीएफजी’, मग एक जागा सोडून स्लॅश आणि त्याला जोडून ‘बॅटरीरिपोर्ट’ असं इंग्रजी अक्षरांत टाइप करून एंटर मारा. एक फाईल तयार होते, ती ब्राउझरमध्ये उघडा. त्यात ‘डिझाइन कपॅसिटी’ आणि ‘फुल चार्ज कपॅसिटी’ असे दोन आकडे मिलिवॅट-अवरमध्ये दिसतील. पहिला बॅटरी नवी असतानाचा, दुसरा आजचा. दोन्ही इथं टाका. मॅकवाल्यांना बॅटरीच्या सेटिंगमध्ये बॅटरी हेल्थ दिसतं.

निपाणी_नाका

मी सांगतो, पॉवर बँक घ्या आणि मोकळे व्हा. माझ्याकडे २०,००० ची आहे, लॅपटॉप एकदा भरून निघतो.

सांबरा_विंडोसीट

निपाणी, थांबा जरा. पॉवर बँकेवर आधी नियम बघायला हवेत, ते आता फार कडक झालेत.

पॉवर बँक सुटी बॅटरी धरली जाते. चेक-इनच्या बॅगेत ती चालत नाही, हातातल्या बॅगेतच हवी. १०० वॅट-अवरपर्यंत बहुधा परवानगी लागत नाही, १०० ते १६० मध्ये विमान कंपनीची परवानगी लागते, १६० च्या वर न्यायचीच नाही. तुमची २०,००० मिलिअँपिअर-अवरची म्हणजे गुणिले ३.७ व्होल्ट, ७४ वॅट-अवर. ती बसते. २७,००० ची ९९.९, म्हणजे अगदी काठावर. ज्या पॉवर बँकेवर आकडे छापलेले नाहीत किंवा पुसले गेलेत ती तपासणीत काढून घेऊ शकतात.

पण न्यायची परवानगी वेगळी आणि वापरायची वेगळी. सिंगापूर एअरलाइन्सनं १ एप्रिल २०२५ पासून आणि एमिरेट्सनं १ ऑक्टोबर २०२५ पासून विमानात पॉवर बँक वापरायलाच बंदी केलीय. इतर कंपन्याही त्याच वाटेनं चालल्यात. त्यामुळं ज्या कंपनीचं तिकीट आहे तिचा नियम निघण्याच्या आठवड्यात तिच्याच संकेतस्थळावर वाचायचा. मागच्या वर्षी चाललं म्हणून यंदा चालेल असं नाही.

निपाणी_नाका

हे जरा अतीच होतंय. लाखो लोक नेतात, किती पेटल्या?

सांबरा_विंडोसीट

पेटल्यात हो. २८ जानेवारी २०२५ ला दक्षिण कोरियात बुसानच्या गिम्हे विमानतळावर एअर बुसानचं एअरबस विमान उड्डाणाआधी जमिनीवरच जळालं. आग वरच्या सामानाच्या कप्प्यातून सुरू झाली आणि संशय पॉवर बँकेवर गेला. सगळे प्रवासी बाहेर निघाले हे नशीब. त्यानंतर कोरियानं १ मार्चपासून पॉवर बँक वरच्या कप्प्यात ठेवू नका, अंगाशी ठेवा असा नियमच केला. हेच हवेत झालं असतं तर?

चेक-इनमध्ये का नको तेही समजून घ्या. लिथियमचा सेल आतून बिघडला की तो स्वतःच्या उष्णतेनं आणखी तापत जातो आणि शेजारच्या सेललाही पेटवतो. खालच्या मालाच्या कप्प्यातला आग विझवणारा वायू ज्वाळा दाबतो, पण सेलच्या आतली ती साखळी थांबवू शकत नाही. वर केबिनमध्ये निदान कुणाच्या तरी लक्षात येतं आणि कर्मचारी पाणी ओतून सेल थंड करू शकतात. ३ सप्टेंबर २०१० ला दुबईजवळ यूपीएसचं मालवाहू विमान पडलं, त्यात लिथियम बॅटऱ्यांचा मोठा साठा होता. दोन्ही वैमानिक गेले. हे नियम अशा प्रसंगांतून आलेत.

निपाणी_नाका

बरं, हे वाचून गप्प बसतो. अंगाशी ठेवीन.

हत्तरगी_शिफ्ट

यात भर. बोइंग ७८७ मध्ये प्रत्येक इंजिनावर २५० केव्हीएचे दोन जनरेटर आहेत, एवढी वीज त्या विमानात तयार होते. तरी जानेवारी २०१३ मध्ये त्याच विमानाच्या स्वतःच्या लिथियम-आयन बॅटऱ्यांनी दगा दिला. बोस्टनला उभ्या विमानात बॅटरीनं पेट घेतला, जपानमध्ये दुसऱ्याला तातडीनं उतरावं लागलं, आणि जगभरची ७८७ काही महिने जमिनीवर बसली. बॅटरीभोवती स्टीलची पेटी आणि धूर बाहेर काढायची वाट केल्यावरच ती परत उडाली. विमान बनवणारे इतकी काळजी घेतात, मग आपण बॅगेतल्या बॅटरीची घ्यायला नको?

कॅम्पातली_मावशी

एक व्यवहारातली गोष्ट. सांबऱ्याहून, म्हणजे बेळगावच्या विमानतळावरून, उडणारी काही विमानं लहान असतात, वरचे कप्पे अरुंद. मोठी केबिन बॅग असली की शिडीपाशीच काढून घेतात आणि पोटात टाकतात. तेव्हा घाईत पॉवर बँक आणि लॅपटॉप बॅगेतच राहतो. ही दोन्ही वेगळ्या लहान पिशवीत ठेवावीत, म्हणजे पिशवी खांद्यावर आणि बॅग त्यांच्या हवाली.

आणि ताई, बहिणीला कुंदा नेणार ना? तो मात्र चेक-इनमध्ये टाका, हातातल्या बॅगेत मऊ पदार्थावरून तपासणीत हुज्जत होते.

शहापूरकर

मावशींनी मूळ मुद्द्याला हात घातला. बॅटरीचं काय व्हायचं ते होईल, कुंदा पोचला पाहिजे!

गोकाकची_वाट

कुंद्यापेक्षा आमचा डिंक-सुकामेव्याचा करदंट न्या. टिकतो जास्त, सांडत नाही, आणि बाळंतिणीला डिंक चांगला. 🙂

वडगावची_विणकर

गोकाकवाले आले की करदंट आलाच. पण डिंकाचं खरं आहे हो.

जुना_छापखाना

माझा विचार थोडा वेगळा आहे. वय झालंय, आयुष्य खडे बाजारातल्या छापखान्यात प्रुफं वाचण्यात गेलं. भाषांतर जर बरंचसं झालं असेल आणि तपासणीच उरली असेल, तर लॅपटॉप उघडायचाच कशाला? छापील प्रत घ्या, तांबडं पेन घ्या, डोक्यावरचा वाचायचा दिवा लावा. त्या दिव्याला तुमची बॅटरी लागत नाही. कागदावर जी चूक दिसते ती पडद्यावर दिसत नाही हे मी छातीवर हात ठेवून सांगतो. दुरुस्त्या मशीनवर चढवायला नंतर दोन तास पुरतात.

मच्छे_लॅब

काका, तपासणीला हे मान्य. नवा मजकूर लिहायचा असेल तर कागदावर लिहून परत टाइप करणं म्हणजे दुप्पट काम.

जुना_छापखाना

म्हणूनच ‘जर’ म्हणालो. ताईंनी किती उरलंय ते सांगितलेलं नाही.

अनगोळची_लेखणी

सगळ्यांचे मनापासून आभार, इतक्या आपुलकीनं लिहिलंत.

काका, दोन प्रकरणांचं नवं भाषांतर बाकी आहे आणि उरलेल्या पुस्तकाचं शेवटचं वाचन. म्हणजे दोन्ही आहे. तुमचं ऐकून वाचनाचा भाग छापून घेणार आहे. पीडीएफ आणि वर्ड शेजारी ठेवायची गरज नव्या दोन प्रकरणांपुरतीच राहील.

बॅटरी रिपोर्ट काढला. डिझाइन ५०,०४० आणि फुल चार्ज ३६,१०० आलं. याचा अर्थ काय? आणखी एक, माझ्या लॅपटॉपला चार्जिंगला गोल पिन आहे. यूएसबी-सीचं भोक आहे, पण त्यातून चार्ज होत नाही.

मच्छे_लॅब

अर्थ असा की ५० वॅट-अवरची बॅटरी आता ३६ ची राहिलीय. म्हणजे २८ टक्के गेली. साडेचार वर्षांत एवढं होणारच. ३६ भागिले पावणेचार तास, म्हणजे तुमचा लॅपटॉप सरासरी साडेनऊ वॅट ओढतोय. नुसत्या टायपिंगला हे जास्त आहे. कणकुंबीच्या युक्त्यांनी तो ६ च्या आसपास यायला हरकत नाही, म्हणजे याच बॅटरीवर सहा तास.

गोल पिनेमुळं पॉवर बँकेचा वाद मिटला. साध्या पॉवर बँकेतून हा लॅपटॉप चार्ज होणारच नाही, आणि विमानातलं यूएसबी-सीही कामाचं नाही. पॉवर बँक फोनसाठी घ्या, लहानशी.

राहिला मार्ग बॅटरी बदलण्याचा. नवी ५० ची टाकली आणि खप ६ वॅटवर आणला तर आठ तास. तुम्हाला हवे तेवढेच.

निपाणी_नाका

गोल पिनेच्या पुढं माझं काही चालत नाही.

उद्यमबाग_वेल्डर

बॅटरी बदलणार असाल तर जपून. स्वस्तात मिळते ती घेऊ नका. शक्यतो लॅपटॉपच्या कंपनीच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरमधून घ्या, बिल घ्या, आणि बॅटरीवर व्होल्ट व वॅट-अवर छापलेत का ते बघा. टाकल्यावर मच्छेवाल्यांनी सांगितलेला रिपोर्ट दुकानातच परत काढायचा. फुल चार्जचा आकडा डिझाइनच्या जवळ नसेल तर माल जुना आहे.

आणखी एक. जुनी बॅटरी फुगलेली नाही ना ते बघा. टचपॅड वर उचललेला दिसतो, झाकण नीट बसत नाही, टेबलावर ठेवला की डुगडुगतो. तसं असेल तर तो लॅपटॉप विमानात अजिबात नेऊ नका, चार्जही करू नका. जुनी बॅटरी कचऱ्यात टाकायची नाही, दुकानातच द्या.

मार्कंडेय_काठ

नवी बॅटरी पहिल्यांदा पूर्ण शून्यावर आणून मग आठ तास चार्ज करायची असते ना? आमच्याकडं सगळे असंच करतात.

मच्छे_लॅब

नको. ती सवय निकेल-कॅडमियमच्या काळातली, त्या बॅटऱ्यांना अर्धवट चार्जची खोड लागायची. लिथियम-आयनला ती लागत नाही. उलट शून्यावर नेणं तिला सोसत नाही. १९९१ मध्ये सोनीनं पहिली लिथियम-आयन बाजारात आणली, २०१९ मध्ये गुडइनफ, व्हिटिंगहॅम आणि योशिनो यांना याच कामासाठी रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं, आणि आपण अजून निकेलचे नियम पाळतोय.

लिथियमला दोन गोष्टी मारतात: उष्णता, आणि भरलेल्या अवस्थेत महिनोन्महिने पडून राहणं. चार्जर कायम लावून काम करत असाल तर लॅपटॉपमध्ये ८० टक्क्यांवर थांबायची सोय असते ती लावा. प्रवासाच्या आदल्या रात्री मात्र ती काढून १०० टक्के भरा, नाहीतर वीस टक्के घरीच राहतील.

गोकाकची_वाट

डार्क मोडचं कुणी बोललं नाही. पडदा काळा केला की बॅटरी वाचते.

कणकुंबीचा_पाऊस

ओएलईडी पडदा असेल तरच. त्यात काळा ठिपका म्हणजे बंद दिवा. साध्या एलसीडीत मागचा दिवा चालूच राहतो, समोर काळं दिसो की पांढरं, त्यामुळं वीज जवळपास तेवढीच. ताईंचा एलसीडी असणार. डोळ्यांना बरं वाटत असेल तर जरूर लावा.

आखनचा_खानापूरकर

नमस्कार, मूळचा खानापूरचा, सध्या जर्मनीत शिकतोय. फ्रँकफर्टबद्दल लिहितो.

जर्मनीत सॉकेट दोन गोल पिनांचं, खोलगट. आपली बारीक दोन पिनी बसते, तीन पिनी बसत नाही. लॅपटॉपच्या चार्जरची वायर बहुधा तीन पिनी असते, त्यामुळं अडॅप्टर हवाच. अमेरिकेत चपट्या पिना, म्हणून तो जगभर चालणारा अडॅप्टर घ्या. तो चेक-इनमध्ये टाकू नका, मधल्या थांब्याला आणि विमानात तोच लागणार. विमानातल्या सॉकेटमध्ये बऱ्याच प्रकारच्या पिना बसतात, पण वापरून सैल झालेली असतात. जड चार्जर थेट लटकवला की गळून पडतो. वीट खाली आणि फक्त वायर वर अशी सोय हवी.

फ्रँकफर्टला उतरलात की पहिलं काम सॉकेट शोधायचं. गेटपाशीच बसायला हवं असं नाही, थोडं लांब रिकाम्या गेटांकडं चाललं की मिळतं. दीड-दोन तास मिळाले तर बॅटरी जवळपास भरते. म्हणजे दुसरा टप्पा पुन्हा भरल्या बॅटरीनं सुरू होतो. दोन टप्प्यांसाठी एका बॅटरीचा हिशोब करायची गरजच नाही.

आणि हे नीट वाचा: अमेरिकेला जाणाऱ्या विमानात चढण्याआधी सुरक्षा तपासणीत लॅपटॉप चालू करून दाखवा म्हणू शकतात. २०१४ पासून हा नियम आहे. चालू झाला नाही तर तो आत नेऊ देत नाहीत. म्हणून पहिल्या विमानात बॅटरी तळाला नेऊ नका, पंधरा टक्के राखून थांबा.

अनगोळची_लेखणी

बाप रे, हे कुणीच सांगितलं नव्हतं! मी तर पहिल्या विमानात शेवटच्या थेंबापर्यंत वापरायचं ठरवलं होतं. खूप आभार.

टिळकवाडी_तिसरं_रेल्वे_गेट

बेंगळूरपर्यंत रेल्वेनं जाणार असाल तर वंदे भारत बघा. १० ऑगस्ट २०२५ पासून बेळगावपर्यंत आलीय, सीटपाशी सॉकेट आहे, बेंगळूरला चार्ज होऊनच उतराल. गाडीनं गेलात तर लॅपटॉप डिकीत ठेवू नका, उन्हात बंद डिकी फार तापते. मच्छेवाले उष्णतेचं बोललेच आहेत.

कॅम्पातली_मावशी

आणि लॅपटॉप मांडीवर घेऊन बसताना खाली पांघरूण नको. हवा जायची भोकं बुजतात, पंखा फिरत राहतो. पुढच्या सीटचा ट्रे बरा. पुढच्यानं सीट मागं घेतली की पडदा चेपतो, तेवढं लक्ष असू द्या. फोन सीटच्या फटीत पडला तर सीट हलवू नका, एअर होस्टेसला बोलवा. फोन चिरडला तर त्याची बॅटरीही पेटते.

अनगोळची_लेखणी

कळवायचं होतं म्हणून परत आले.

अधिकृत ठिकाणी नवी बॅटरी टाकली. रिपोर्टमध्ये फुल चार्ज ४९,८०० आलं, उद्यमबाग यांनी सांगितल्याप्रमाणे दुकानातच बघितलं. मग घरी विमानासारखं करून बसले: विमान मोड, उजेड तीस टक्के, बॅटरी सेव्हर, ब्राउझर बंद, सिंक बंद, शब्दकोश डाउनलोड केलेला. दुपारी दोनला चार्जर काढला, रात्री साडेआठला वीस टक्के शिल्लक होती, मधे चहाला हायबरनेट केलं ती वीस मिनिटं सोडून. टाइप करताना कुठंही अडलं नाही.

आता बेत असा. पहिल्या टप्प्यात एक प्रकरण पूर्ण करायचं आणि वीस टक्क्यांवर थांबायचं, फ्रँकफर्टला चार्ज, दुसऱ्या टप्प्यात दुसरं प्रकरण. मधे मधे छापील प्रत. सॉकेट मिळालं तर जेवणाच्या आणि झोपेच्या वेळात लावीन. एकच शंका: चार्जर ६५ वॅटचा आहे, तो विमानात चालेल ना? आणि चार्ज होताना काम चालू ठेवावं का?

मच्छे_लॅब

हिशोब बघा, सहा तासांत ८० टक्के म्हणजे ४० वॅट-अवर, खप साडेसहा वॅटच्या आसपास. उत्तम.

६५ वॅट ७५ च्या आत आहे, बहुतेक ठिकाणी चालेल. बॅटरी अगदी रिकामी असताना आणि मशीन जोरात चालू असताना चार्जर पूर्ण ताकदीनं ओढतो, सॉकेट बंद पडलं तर तेव्हाच. म्हणून हायबरनेट करून लावा, किंवा काम करतच लावायचं असेल तर उजेड कमी आणि बॅटरी सेव्हर तसाच ठेवा. सॉकेटवरचा दिवा विझला तर पिन काढा, एक-दोन मिनिटं थांबा, परत लावा. तरी नाही लागला तर सोडून द्या, तुमचं काम त्याच्यावाचून होणार आहे.

हत्तरगी_शिफ्ट

बरोबर. आणि लवकर लावा, सगळे झोपायला लागल्यावर एकदम फोन लावतात त्याच्या आधी.

जुना_छापखाना

छापील प्रत एका बाजूला छापा, दुरुस्त्यांना मागचं पान मोकळं राहील. आणि पानांवर मोठे आकडे घाला, विमानात गठ्ठा सुटला तर लावायला सोपं.

अनगोळची_लेखणी

काका, दोन्ही केलं. मच्छे, हत्तरगी, हायबरनेट करूनच लावीन आणि जेवणाच्या आधीच लावीन. गोकाकच्या ताई, करदंट घेतला. कुंदाही घेतला, दोन्ही चेक-इनमध्ये.